बोट दिसायची ती जागा

रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर, चांगल्या उजाडलेल्या सकाळी, कोट, धोतर, टोपी अशा पूर्ण पोशाखात कमरेतून वाकून स्वतःच्या दोन पायांमधून समुद्र न्याहाळणारा गृहस्थ तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. तो माझा घरमालक होता.

पहिल्यांदा मला वाटलं, यांना उसण भरली. मी धावत गेलो. तसेच वाकलेले मालक पायांमधून माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, जरा बाजूला व्हा. तुम्ही होडीच्या आड येताय."

त्याचं कारण नंतर कळलं. मालकांचा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. तिला चामड्याचा भाता आणि तीन पाय. काळ्या फडक्यात डोकं घालून तिच्या मागच्या काचेत बघायचं, आणि त्या काचेत सगळं जग उलटं दिसतं. आभाळ खाली, समुद्र वर. मालकांचं म्हणणं असं, की जागा आधीच उलटी करून पाहिली म्हणजे पेटी उघडायचे कष्ट वाचतात. "सुलटी जागा फसवते, मास्तर. उलटी करूनही जी बरी दिसते, ती खरी." हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की मीही एकदा, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, भाट्याच्या पुळणीवर वाकून पाहिलं. मला फक्त माझ्या धोतराचा काष्टा दिसला.

एकदा मालक असेच वाकलेले असताना मागच्या बाजूनं एका बड्या अंमलदारांची घोडागाडी आली. घोडा बुजला. घोड्याचं तरी काय चुकलं? त्यानं माणसाचं तोंड त्या ठिकाणी कधी पाहिलं नव्हतं. गाडी रस्त्याच्या कडेला कलंडता कलंडता राहिली. अंमलदार ओरडले, त्यांच्या मंडळींनी डोळ्यांवर पदर घेतला, आणि मालकांनी त्याच अवस्थेत दोन्ही हात जोडून "नमस्कार" म्हटलं. सरळ उभं राहून नमस्कार करावा हे त्यांना सुचलं नाही, कारण प्रकाश जात होता.

मालक मुंबईला गिरगावात एका फोटो स्टुडिओत कामाला होते. मे महिना आला की ते बोटीनं रत्नागिरीला यायचे आणि स्वतःच्याच घराच्या ओटीवर पाहुण्यासारखे राहायचे. घर आम्हाला भाड्यानं दिलेलं. मी तेव्हा शाळेत गणित शिकवायचो, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. आमच्या घरात, म्हणजे त्यांच्याच घरात, ते माझ्या बायकोला विचारल्याशिवाय माठातलं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. पण भर उन्हात कॅमेऱ्यावर छत्री धरून स्वतः बोडक्यानं उभे राहायचे. बायको म्हणायची, "काका, छत्रीत तुम्ही पण मावता हो." त्यावर त्यांचं उत्तर, "मी तापलो तर ताक पिईन. ही काय पिणार?"

गावातल्या प्रतिष्ठितांना मालकांचा फार राग. मुंबईचा फोटोग्राफर दरवर्षी येतो आणि इंग्रजांनी इथं आणून ठेवलेल्या ब्रह्मी राजाच्या राजवाड्याकडे ढुंकून बघत नाही! मालकांची बाजू वेगळी होती. त्यांच्या स्टुडिओत रंगवलेला एक पडदा होता. त्यावर राजवाडा, राजवाड्यापुढं तळं, तळ्यात हंस. गिरणीतला जॉबर असो की मुंजीचा बटू, सगळे त्या तळ्याकाठी खुर्चीवर हात ठेवून उभे. "वर्षभर मी माणसांना राजवाड्यापुढं उभं करतो," मालक म्हणायचे, "आता सुट्टीत पण राजवाडाच?" एका वकिलांनी काकुळतीला येऊन विचारलं, "निदान दीपगृहाचा तरी काढा." मालक म्हणाले, "दीपगृह सगळ्यांना दिसावं म्हणूनच बांधलंय. त्याला माझी काय गरज?"

त्यांना हव्या असायच्या कोणाला ठाऊक नसलेल्या जागा. आणि त्या शोधायची त्यांची रीत अजब होती. ते डोक्यावरून ओझं वाहणाऱ्या बायकांना विचारायचे, "तुम्ही पाटी कुठं उतरवता?" त्यांचा सिद्धांत असा: ओझं असताना माणूस पायाखाली बघतो. ओझं उतरवलं की पहिल्यांदा मान वर करतो. म्हणजे जिथं ओझं उतरतं, तिथून काहीतरी बघण्यासारखं असणारच.

बंदरावरून वर सड्याकडे, म्हणजे कातळाच्या माळाकडे, जाणाऱ्या घाटीत एकदा मासे विकणाऱ्या चौघीजणी भेटल्या. मालकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. त्यातल्या एकीनं कमरेवर हात ठेवला.

"आमची टेकायची जागा कशाला वो पायजे तुमाला?"

"फोटो काढायचाय."

"आमचा?"

"नाही, नाही. तुम्हाला तिथून जे दिसतं त्याचा."

"का? आमी काय वंगाळ दिसतांव?"

दुसरी म्हणाली, "जा वो, यांना माणसा नको, दगड पायजेत." आणि चौघी खो खो हसल्या. त्यांनी जागा दाखवली. जांभ्याची एक उंच पायरी, मागं आंब्याची सावली, समोर खाडीचं तोंड आणि पलीकडं भाट्याची माडांची रांग. मालकांनी कॅमेरा लावला, काळ्या फडक्यात डोकं घातलं, आणि नेमक्या त्या वेळी चौघी पाट्यांसकट समोर येऊन उभ्या राहिल्या. "आता काडा!" मालकांनी काढला. खाडी दिसलीच नाही. पण मी त्यांचे जेवढे फोटो पाहिले, त्यात त्याच्याइतका जिवंत दुसरा नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, हौशी माणूस, चित्रांचं वेड. मलाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट त्यांनी मला सड्यावर, एका तापलेल्या कातळावर रुमाल टाकून बसल्यावर सांगितली.

मालकांचे वडील ते लहान असतानाच वारले होते. आई आलवणातली. बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या समोर विधवेनं येऊ नये, ही तेव्हाची रीत, आणि ती रीत त्या माउलीनं पोटच्या मुलासाठी जास्तच कडक पाळली. मालक मुंबईला निघाले की ती घरात दिसायचीच नाही. निरोप नाही, हातावर दही नाही. शेजारपाजारच्या सवाष्णी दही घालायच्या. मालक बंदरावर जायचे, पडावात बसायचे, पडाव खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीला नेऊन सोडायचा, आणि बोट किल्ल्याच्या टोकाला वळसा घालून दिसेनाशी व्हायची. पुढच्या मे महिन्यात परत आले की आई म्हणायची, "तुझी बोट किल्ल्याआड जाईपर्यंत बघत होते हो मी. कठड्याशी उभा होतास."

"कुठून बघत होतीस?"

"आहे माझी एक जागा."

तेव्हा मालक हसून सोडून द्यायचे. मग एका हिवाळ्यात आई गेली. मालक पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

"ती जागा मला पाहिजे, मास्तर," ते म्हणाले. "बाकीचे फोटो सगळे निमित्त. बोट सुटताना एकदा तिथं उभं राहायचंय. तिला काय दिसत होतं ते बघायचंय. आलवणातली बाई भर दुपारी घरातून निघून, कोणाच्या नजरेस न पडता, कुठं जाऊन उभी राहत असेल, सांगा."

हे कोणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. मी ती बायकोपाशीसुद्धा पाळली. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं जे झालं त्यात दोष शपथेचा आहे, माझा नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेजारी विचारायचं होतं. शेजारी! आमच्या आणि शेजारच्या आवाराच्या मध्ये गडगा होता, जांभ्या दगडांचं कुंपण, आणि त्या गडग्यावर एक फणस. खोड मधोमध. फणस लागायचे दोन्हीकडं, पण पिकून पडायचे ते मात्र पलीकडं. यावरून मालकांच्या वडिलांचं आणि शेजारच्या काकांचं बोलणं बंद झालं, आणि वडिलांमागं मालकांनी तो वारसा इमानानं चालवला. थेट कोर्टात नेला. आणि तिथं, आपण फोटोग्राफर आहोत या घमेंडीत, फणस आपल्याच आवारात दिसेल अशा कोनातून काढलेला फोटो पुरावा म्हणून दाखल केला. रागारागात छापताना निगेटिव्हची काच उलट्या बाजूनं लागली होती. डावं ते उजवं झालं. भर कोर्टात फोटो वर धरला गेला, आणि फणस सबंधच्या सबंध काकांच्या आवारात उभा! काकांच्या वकिलाला बोलायची गरजच पडली नाही. स्वतःच्या हातानं काढलेल्या फोटोनं स्वतःचा खटला हरलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

शेजारचे काकाही पुढं वारले. शेजारच्या घरात एकट्या काकू उरल्या. पण बोलणं बंद ते बंदच. मालक ओटीवर बसलेले असले की काकू अंगणात येऊन कावळ्याला उद्देशून बोलायच्या. "आले वाटतं मुंबईकर. या वर्षी कोणाच्या बाजूनं साक्ष देतायत बघू."

एका मे महिन्यात मालकांना नवीनच कल्पना सुचली. इतकी वर्षं आपण जमिनीवरून बोट शोधतोय. बोटीवरून जमीन शोधली तर? ते बोटीत बसणार, मी एक पांढरी चादर घेऊन त्यांनी ठरवून दिलेल्या जागांवर एकामागून एक उभा राहून ती हलवणार. चादर जिथं दिसेल, ती जागा. बोटीतून ते पुढच्याच बंदराला, जयगडला, उतरणार आणि मालगुंडवरून बैलगाडीनं परत येणार. मी घरातली सर्वांत पांढरी चादर उचलली. ती माझ्या बायकोनं माहेरून आणलेली, कडेला वेलबुट्टी भरलेली होती, हे मी त्या क्षणी विसरलो.

दिवस मिठाच्या चळवळीचे. पहिल्या टेकाडावर उभा राहून मी चादर जेमतेम दोनदा हलवली असेल, तोच मागून खांद्यावर हात पडला. हवालदार.

"कुणाला निशाण दाखवताय?"

"बोटीला."

"बोटीत कोण आहे?"

"माझे घरमालक."

"घरमालक गेल्याचा एवढा आनंद?"

मी खुलासा करायला लागलो आणि शपथ आठवून थांबलो. अर्धा खुलासा हा मौनापेक्षा वाईट असतो. संध्याकाळपर्यंत मी चौकीवर बाकावर बसलो होतो. शेवटी हेडमास्तर येऊन, हा मनुष्य गणिताचा आहे, देशभक्तीचा नाही, असं सांगून मला सोडवून घेऊन गेले. चादर तिथंच राहिली. पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मालक बैलगाडीतून उतरले ते आनंदानं थरथरतच. "दिसली! चादर दिसली!"

"कुठं?"

"टेकडीवर. मग खाली माडात. मग घाटीजवळ. मग तीन ठिकाणी एकदम..." इथं त्यांचा आवाज उतरला. "एकदम तीन कशा, मास्तर?"

मी त्यांना सांगितलं, मी एकाच टेकाडावर होतो, आणि तिथूनही गेलो तो चौकीत. काल चांगलं कडक ऊन होतं. सगळ्या रत्नागिरीनं धुणं वाळत घातलं होतं.

मालक ओटीच्या पायरीवर बसले. तेवढ्यात बायको बाहेर आली. "माझी चादर कुठाय?" या प्रश्नापुढं कोणती शपथ टिकते? मी सगळं सांगून टाकलं. चादर, बोट, आई, जागा, सगळं. ती मालकांकडे बघत राहिली. चादरीचं नावही न काढता म्हणाली, "काका, एवढंच होतं तर मला का नाही विचारलंत?" आणि तशीच परसात गेली. गडग्यापाशी तिचा आणि काकूंचा आवाज बराच वेळ येत होता. भाडेकरूंना फणसाचं वैर लागू नव्हतं.

ती परत आली आणि म्हणाली, "काकूंना जागा माहीत आहे."

मालक उठून उभे राहिले.

"पण त्या म्हणतात, त्यानं स्वतः येऊन विचारावं. आणि म्हणतात, त्याची आई बिचारी गडग्याच्या खिंडारातून चोरून यायची, त्यानं पुढच्या दारानं यावं."

"आई? त्यांच्या घरी?" मालकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "आमचं बोलणं बंद होतं!"

"तुमचं होतं," बायको म्हणाली.

दोन दिवस मालक ओटीवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. फोटो नाही, फिरणं नाही, वाकणं नाही. मधूनच उठून "ज्या घरानं आमचे फणस खाल्ले..." एवढं म्हणायचे आणि पुन्हा पडायचे. मग त्यांचा मुंबईला जायचा दिवस उजाडला. ट्रंक हमालाबरोबर पुढं बंदरावर गेली. मालकांनी कॅमेरा पाठीला लावला, तिपाई काखेत धरली, दोन पावलं बंदराच्या दिशेनं टाकली, थांबले, वळले, आणि काकूंच्या पुढच्या दारात जाऊन उभे राहिले. मी अर्थातच मागोमाग गेलो. असा प्रवेश मी चुकवणार होय?

काकू पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"ये. उभा काय राहिलास जज्जासारखा? बस त्या खांबाशी."

मालक बसले. कॅमेरा पाठीवरून उतरवून त्यांनी शेजारी ठेवला. मग म्हणाले, "काकू, आई बोट कुठून बघायची?"

"तू बसलायस तिथनं."

मालकांनी समोर पाहिलं. समोर चार हातांवर भिंत. धुरानं काळवंडलेली. खुंटीला एक सूप, दुसऱ्या खुंटीला काथ्याची दोरी.

"इथून समुद्र कुठं दिसतो?"

"समुद्र कशाला दिसेल? माझी पडवी आहे, बंदर नव्हे." काकूंनी तांदळातला खडा अंगणात भिरकावला. "अरे मेल्या, तिला शेवटी शेवटी परसातला माड धड दिसत नव्हता. तांदूळ निवडायची ते चाचपून."

"मला कधी बोलली नाही."

"कशाला बोलेल? ऐकून तू नोकरी सोडून इथं आला असतास, नाहीतर तिला मुंबईला नेलं असतंस. दोन्ही तिला नको होतं. तू निघालास की ती खिंडारातून इथं यायची. घरात बसवत नव्हतं तिला."

"पण मी कठड्याशी उभा होतो, हे तिला कसं कळायचं?"

"बोटीवर तू कुठं उभा राहणार हे समजायला डोळे लागतात होय?"

तेवढ्यात बंदराकडून भोंगा झाला. मी म्हटलं, "मालक, पहिला भोंगा. पडाव सुटेल."

काकूंचे हात सुपात थांबले. त्या मालकांकडे बघत नव्हत्या. "पहिला भोंगा झाला की म्हणायची, बसला पडावात. छत्री विसरला असेल." मालकांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. छत्री आमच्या ओटीवर राहिली होती.

मग मालक उठले. मला वाटलं, आता धावतील. त्यांनी तिपाई उघडली. तिचे पाय इतके आखूड केले की पेटी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर आली, आणि खांबाशी लावून तिचं तोंड भिंतीकडं केलं. स्वतः गुडघ्यांवर बसून त्यांनी काळं फडकं डोक्यावर घेतलं.

"भिंतीचा फोटो काढतोस?" काकू म्हणाल्या.

"हो."

"काढ. फणसाचा काढलास तसा उलटा नको काढू."

"नाही काढणार," फडक्यातून आवाज आला. दोन घरांचं एकमत मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसरा भोंगा झाला. मालकांनी भिंगावरचं झाकण काढलं आणि हातात धरून ठेवलं. पडवीत उजेड मिणमिणता, भिंगाचं तोंड बारीक केलेलं, फोटो उमटायला वेळ लागणार होता. काकू हलक्या आवाजात बोलायला लागल्या. कोणाचं बोलत होत्या हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"शिडी चढला. सांभाळून रे. आता ट्रंक टेकायला जागा बघतोय. भांडला कोणाशी तरी, भांडणारच. बापाचा स्वभाव. आता आला कठड्याशी."

तिसरा भोंगा झाला तो लांबलचक. काकूंचे आता नुसते ओठ हलत राहिले. माझ्या लक्षात आलं, त्या स्तोत्र म्हणत होत्या. किल्ल्यापर्यंतचं अंतर मोजायला त्या दोघी बायकांकडं तेवढंच होतं. मालक झाकण दोन्ही हातांत धरून भिंतीकडं बघत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

"गेली किल्ल्याआड," काकू म्हणाल्या.

मालकांनी झाकण लावलं.

काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "मालक, बोट चुकली. ट्रंक गेली मुंबईला."

"जाऊ दे हो, मास्तर," मालक म्हणाले. "बोट सुटताना आजपर्यंत मी कधी घरी नव्हतोच."

"घरी आहेस तर रिकामा बसू नको," असं म्हणून काकूंनी तांदळाचं सूप त्यांच्यापुढं सरकवलं. मालकांनी चष्मा काढला, कोटाच्या खिशात ठेवला, आणि बोटांनी तांदूळ चाचपायला सुरुवात केली.

"नीट बघ हो," काकू चुलीकडं उठत म्हणाल्या. "खडा राहिला तर तुझ्याच दाताखाली यायचाय. फणसाची भाजी करते, चालेल ना?"